बीजींची सहा हजार पावलं

दुपारचे चार वाजले की माझ्या मनगटावरचं घड्याळ थरथरतं. म्हणजे, उठा आता, चाला. मी त्याच्याकडे बघते, उशी सारखी करते आणि परत टेकते. आज सकाळपासून झालेली पावलं आठशे बारा. त्यातली दोनशे तरी चष्मा कुठे ठेवला ते शोधण्यात गेली.

अमोल, माझा मुलगा, रागवत नाही. रागवला असता तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणतो, "आई, कोपऱ्यापर्यंत तरी जाऊन ये." कोपरा काही लांब नाही हो. चंदीगडचे रस्ते सरळ, फूटपाथ रुंद, वरून झाडांची सावली. चालायला याहून चांगलं गाव नाही, असं जो येतो तो सांगतो. रस्त्याबद्दल माझी तक्रारच नाही. खालून हाक येत नाही, एवढीच तक्रार आहे.

ती हाक बीजींची होती.

आमची कोठी दोन मजल्यांची. वर आम्ही भाडेकरू, खाली मालकीणबाई. नाव हरमिंदर कौर, पण भाजीवाल्यापासून समोरच्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना बीजीच म्हणायचे. हे गेल्यावर अमोलनं मला कराडहून इथे आणलं. तो आयटी पार्कात नोकरीला, सून पल्लवी मोहालीत. दोघं सकाळी नऊला बाहेर पडली की घरात मी आणि खिडकीजवळची खुर्ची. साखर वाढलेली, त्यामुळे डॉक्टर म्हणाले चाला, आणि अमोलनं हे पावलं मोजणारं घड्याळ आणून हातात बांधलं. दोन दिवस मी चालले. तिसऱ्या दिवशी म्हटलं, आज राहू दे.

त्या तिसऱ्या दिवशी, साधारण दहाच्या सुमाराला, खालून खणखणीत आवाज आला, "ओ उप्पर वाली! अज्ज छत चुप है!"

मी ग्रिलपाशी गेले. खाली अंगणात एक उंच, हाडापेरानं मोठी बाई कमरेवर हात ठेवून वर बघत उभी. अंगात फिकट सूट, ओढणी छातीवरून आडवी घेऊन कमरेला गाठ मारलेली, आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. घरात, अंगणात, गॅससमोर, कुठेही असोत, पायात बूट.

"बिमार है?"

"नाही, नाही," मी म्हटलं. हिंदी तेव्हा माझं बेतास बात. "बस, बैठी हूँ।"

"बैठी है, ओ तां मैंनू सुणदा प्या है," त्या म्हणाल्या. तू बसली आहेस ते मला ऐकू येतंय! बसलेलं कसं ऐकू येतं, हे मला कळायला महिना लागला. बीजींनी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली होती. दिवसभर कानाला हेडफोन, आणि ट्रंक कॉल जोडून द्यायचे. त्यांच्या कानांना त्यामुळे अशी धार आली होती की छतावरच्या पावलांवरून त्या आमचं सगळं कुटुंब ओळखायच्या. अमोल टाच आपटतो. पल्लवी पळते. "ते तू, तू खब्बा पैर घसीटदी है." मी डावा पाय ओढते, हे माझ्या नवऱ्याला चाळीस वर्षांत कळलं नव्हतं.

त्या नोकरीची आणखी एक खूण त्यांच्या अंगात राहिली होती. ट्रंक कॉलला तीन मिनिटं झाली की ऑपरेटर मध्ये बोलायची, तसं बीजी आयुष्यात सगळीकडे मध्ये बोलायच्या. शेजारीण सुनेच्या तक्रारी सांगायला लागली की बीजी ऐकून घ्यायच्या, मान हलवायच्या, आणि मग एकदम, "तिन्न मिंट हो गए." झालं. विषय बंद. त्यांचा एकुलता मुलगा जस्सी कॅनडात. तो रोज संध्याकाळी फोन करायचा, त्यालाही तीनच मिनिटं. मी एकदा म्हटलं, "बीजी, आता पैसे नाही पडत फोनला. बोला ना पोटभर." तर म्हणाल्या, "पैशांचं नाही ग. तीन मिनिटांत माणूस कामाचं बोलतं. चौथ्या मिनिटाला रडायला लागतं."

(त्यांचं बोलणं मी इथे बरंचसं मराठीतच लिहिते आहे. पंजाबी मला बोलता येत नाही, नुसती ऐकून समजते. पण त्यांचे काही शब्द तसेच येणार, त्याला इलाज नाही.)

चालण्याचं त्यांचं शास्त्र होतं. पहिला नियम, उठलं, अंघोळ झाली, पाठ म्हणून झाला की बूट. "पहले बूट, फेर सोच." बूट घालण्याआधी विचार करायचाच नाही. विचार केला की माणूस बसतं. चप्पल घातलेल्या बाईला घर सोडत नाही, असं त्या म्हणत. माझ्या पायातल्या चपलांकडे बघून त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला मार्केटात नेलं आणि साडीखाली घालायला बूट घ्यायला लावले. नऊवारीच्या गावची मी, गोल साडीखाली पांढरे बूट घालून सेक्टरभर हिंडले. अमोलनं फोटो काढून कराडला पाठवला. माझ्या बहिणीचा फोन आला, "अगं, कवायतीला जातेस का काय?"

दुसरा नियम, बागेत गोल गोल फिरायचं नाही. आमच्या सेक्टरची बाग सुरेख आहे, सकाळी निम्मा सेक्टर तिथे फेऱ्या मारतो. बीजी गेटावरून बघायच्या आणि म्हणायच्या, "बघ, सगळे निघालेत आणि कोणी कुठे जात नाही." त्यांना जायला काहीतरी लागायचं. म्हणून त्या रोज मार्केटपर्यंत जाऊन एक लिंबू आणायच्या. खरंच एक. भाजीवाला कावायचा.

"बीजी, पाव किलो घेऊन जा ना. रोज एका निंबूसाठी येता."

"ते कल की करन आवांगी?" मग उद्या काय करायला येऊ?

"उद्या या ना, असंच. गप्पा मारायला."

"गप्पांसाठी पाय उचलत नाहीत पुत्तर. निंबूसाठी उचलतात."

मग लिंबू निवडायला पाच मिनिटं. पूर्ण टोपली उलटीपालटी. एकच घ्यायचं तर ते चांगलं नको का? ते ओढणीच्या टोकात बांधायचं आणि परत. वाटेत कोणाचा आंबा मोहरला, कोणत्या कोठीला नवा रंग चढतोय, कुठल्या घरासमोरची गाडी आठवडाभर हलली नाही, सगळं बघत. मी धापा टाकत मागे. माझ्याशी बोलायला म्हणून त्या कधी थांबल्या नाहीत. आवाज मात्र मोठा करायच्या.

आता माझी लबाडी सांगते. हिवाळा सुरू झाला तसं मला बाहेर पडायचं जिवावर यायला लागलं. कराडच्या माणसाला ते धुकं काय ठाऊक? दुपारी बारापर्यंत सूर्य नाही. एक दिवस मी खलबत्त्यात दाण्याचं कूट करत होते. कूट झालं, आणि घड्याळात बघते तर सातशे पावलं! मी जागची हललेली नाही. हात खालीवर झाला, ते घड्याळाला चालणं वाटलं. मग काय, आठवडाभर आमच्याकडे चटण्याच चटण्या. तिळाची, जवसाची, कारळ्याची. ताक घुसळायचं ते रवी घेऊन हातानं. अमोल घरी आला की माझं मनगट धरून बघायचा. "पाच हजार! वा आई!" लेकरू इतकं खूश व्हायचं की खरं सांगवेना.

त्यानं ते अंगणात बीजींना सांगितलं. दुसऱ्या दिवशी जिन्यावर बूट वाजले. बीजी कधी वर यायच्या नाहीत, गुडघ्यांमुळे. त्या दिवशी कठड्याला धरून आल्या, सरळ स्वयंपाकघरात. ओट्यावरच्या चटणीच्या बरण्या बघितल्या. खलबत्ता बघितला. माझं घड्याळ बघितलं.

"घडी कहंदी पंज हजार. छत कहंदी चाळी." घड्याळ म्हणतं पाच हजार, छत म्हणतं चाळीस. "मी कोणाचं खरं मानू?"

मी लाजेनं लाल. त्यांनी मूठभर दाणे तोंडात टाकले, बत्ता हातात घेतला आणि दणादण कुटायला लागल्या. त्यांच्याही मनगटावर तसंच घड्याळ होतं. आकडा पळायला लागला. बीजी इतक्या हसल्या की ओट्याला धरून उभ्या राहिल्या. "आणि मी मूर्ख, धुक्यात निंबू आणत हिंडते!"

मग हसणं थांबवून त्यांनी बत्ता खाली ठेवला. स्टूल ओढून बसल्या आणि त्यांनी मला ती गोष्ट सांगितली, जी बाकी कोणाला माहीत नव्हती.

सरदारजी, म्हणजे बीजींचे यजमान, गेले तेव्हा जस्सी त्यांना न्यायलाच आला होता. तिकडे मोठं घर आहे, तुझी खोली तयार आहे, इथे एकटी कशी राहशील? बीजींना जायचं नव्हतं. या घराची वीट न् वीट त्यांनी आणि सरदारजींनी उभं राहून लावून घेतलेली. शेवटी माय-लेकात शर्त ठरली. रोज सहा हजार पावलं. घड्याळ मनगटावर, आकडा जस्सीच्या फोनवर. जोवर सहा हजार होतायत तोवर बीजी इथे. ज्या दिवशी होणार नाहीत, त्या दिवशी तो तिकीट काढणार, आणि बीजी एक शब्द बोलणार नाहीत.

"तुझं घड्याळ तुझी साखर मोजतं," त्या म्हणाल्या. "माझं माझं घर मोजतं. त्याच्याशी मी खोटं बोलत नाही, सुमन."

पहिल्यांदा मला नावानं हाक मारली ती तेव्हा. त्यानंतर मी खलबत्त्याला बसायच्या आधी घड्याळ काढून ठेवायला लागले.

आणि डिसेंबर सरता सरता बीजी पडल्या. अंगण धुतलेलं, फरशी ओली, पाय सटकला. घोटा सुजून हा एवढा. समोरचे डॉक्टर येऊन बघून गेले. हाड शाबूत होतं, पण तीन आठवडे पाय जमिनीला लावायचा नाही म्हणाले. ते गेले आणि बीजी पलंगावर बसून मनगटाकडे बघत राहिल्या. एकशे चाळीस पावलं. एका पायात बूट, दुसऱ्याला पट्टी. त्या बाईच्या चेहऱ्यावर मी भीती बघितली ती त्या एकदाच.

मी त्यांच्या हातातलं घड्याळ सोडवलं आणि माझ्या उजव्या मनगटावर बांधलं.

"नी सुमन—"

"तिन्न मिंट हो गए," मी म्हटलं.

मग म्हणाल्या, "निंबू पतली छाल का लाना."

ते तीन आठवडे! जी बाई स्वतःसाठी कोपऱ्यापर्यंत जात नव्हती, ती दोन्ही हातांत दोन घड्याळं बांधून, स्वेटरवर शाल, शालीवर मफलर, दातखीळ बसवणाऱ्या थंडीत रोज सहा हजार चालत होती. एक दिवस चुकवला नाही. भाजीवाला म्हणाला, "आंटीजी, दो-दो घडी? एक कॅनडा टाइम की है क्या?" मी दचकलेच. परत आले की बीजींच्या पलंगाशी बसून वृत्तान्त द्यायचा. नुसतं "चालून आले" चालायचं नाही. मोहोर कुठवर आला, ती गाडी हलली का, रंगाचं काम कुठल्या भिंतीपर्यंत आलं. मी एखादं घर विसरले तर त्यांना कळायचं, कारण तो रस्ता त्यांना पाठ होता. लिंबू हातात घेऊन त्या नाकाशी धरायच्या. "ठीक है. कल इससे अच्छा लाना." माझी साखर खाली आली. डॉक्टरांनी विचारलं, काय केलंत? काय सांगणार!

घोटा सुधारत होता. चारपाच दिवसांत पाय टेकता आला असता. आणि संक्रांत आली.

अमोलच्या ऑफिसात आपली मराठी मुलंमुली बरीच आहेत, झिरकपूरला खोल्या करून राहणारी. अमोल त्यांना सांगून बसला होता, आईच्या हातच्या गूळपोळ्या. साठ पोळ्या. सकाळी मी नेहमीसारखी दोघींची पावलं चालून आले, आणि तशीच ओट्याला लागले. तीळ कुटले, गूळ किसला, बेसन खमंग होईतो परतलं, कणीक तिंबली, आणि मग लाटणं हातात घेतलं ते चार तास. इतक्या दिवसांनी घर गुळाच्या वासानं भरलं होतं. मला ह्यांची आठवण येत होती, त्यांना तूप घालून दोन लागायच्या. घड्याळांची आठवण झाली नाही. मीच शोधून काढलेली गोष्ट, मीच विसरले.

संध्याकाळी तूप लावलेल्या चार पोळ्या घेऊन खाली गेले, तर बीजींच्या हातात फोन आणि फोनमधून जस्सीचा आवाज, आनंदानं फुटलेला. "चौदह हजार मम्मी! चौदह! सत्त्याहत्तराव्या वर्षी! इथे माझे मित्र विश्वास ठेवत नाहीयेत!" तो हसत होता, बहुतेक रडतही होता. मग म्हणाला, मी उगाच घाबरत होतो, इतका लांबचा प्रवास तुला झेपेल का. आता काय, तू तर पळतेयस. हीच वेळ आहे. तब्येत अशी आहे तोवर ये. फेब्रुवारीचं तिकीट काढतो.

बीजींनी फोन ठेवला. किती मिनिटं झाली होती, त्यांनी मोजली नाहीत.

मी पोळ्यांचं ताट धरून उभी. म्हटलं, "मी त्याला फोन करते. सांगते सगळं. पावलं तुमची नव्हतीच."

"काय सांगशील?" बीजी शांतपणे म्हणाल्या. "खरं सांगितलंस तर मी पडले, म्हणून नेणार. खोटं तसंच ठेवलं तर ठणठणीत आहे, म्हणून नेणार." त्यांनी पोळीचा तुकडा मोडला, खाल्ला. "शर्तीला मी खालची हद्द घातली, सुमन. वरची घालायची राहिली."

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं. पुरती तीन मिनिटं. मग म्हणाल्या, "चंगी बणी है. गुड ज़रा ज़्यादा है." आणि दुसरी पोळी घेतली. त्या दिवसानंतर मला त्यांनी एका शब्दानं बोल लावला नाही, आणि म्हणूनच तो माझ्या अंगावर अजून तसाच आहे.

"सहा महिन्यांत येते," असं त्या सगळ्यांना सांगत होत्या. मलाही. मी विश्वास ठेवला होता. जायच्या आदल्या दिवशी आम्ही मार्केटात गेलो. त्या थोड्या लंगडत, मी त्यांच्या बरोबरीनं, पहिल्यांदाच मागे न राहता. भाजीवाल्यानं सवयीनं एक लिंबू उचलून पुढे केलं. बीजी म्हणाल्या, "किलो दे दे. जस्सीसाठी अचार घालून नेते." तो तराजूकडे वळला, मग त्यानं परत त्यांच्याकडे बघितलं. मी समोरच्या केळ्यांकडे बघत राहिले.

त्याला आता दोन वर्षं झाली. खालच्या मजल्याची किल्ली माझ्याकडे आहे. कुंड्यांना पाणी घालायला जाते तेव्हा कधी कधी मी त्यांच्या खोलीत उभी राहते आणि वर कोणी चालतंय का ते ऐकते. पल्लवी घरी असली तर ऐकू येतं. खरंच पळते पोरगी.

बीजींचा फोन येतो. तिकडे बर्फ असतो, जस्सी बाहेर पडू देत नाही, त्या तळघरात चालतात. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चौदा पावलं, मग वळायचं. "गोल गोल, बैल वांगूं," म्हणतात. बैलासारखं. फ्रिजमध्ये लिंबांची पिशवी असते, वीस-वीस. फोन पाऊण तास चालतो. बोलायचं संपतं, तरी त्या ठेवत नाहीत. "होर सुणा," म्हणतात. आणखी सांग. मी आंब्याचं सांगते, गाडीचं सांगते, न बघितलेल्या घरांचंही सांगते. खोटं त्यांना लगेच कळत असणार. बोलत नाहीत. मी वाट बघत असते त्यांनी एकदा तरी म्हणावं, तिन्न मिंट हो गए. म्हणत नाहीत.

त्या गेल्या तो दिवस मला जसाच्या तसा दिसतो. लख्ख ऊन पडलं होतं. अमोलनं आम्हा दोघींना विमानतळावर नेलं. जस्सीनं तिकडून चाकाची खुर्ची सांगून ठेवलेली होती, परदेशी निघालेल्या सगळ्या म्हाताऱ्यांची मुलं सांगून ठेवतात तशी. गणवेशातला माणूस खुर्ची घेऊन आला, "बैठिए माताजी." बीजींनी खुर्चीकडे बघितलं, आपल्या बुटांकडे बघितलं. मग हातातली पर्स आणि लोणच्याची पिशवी त्या खुर्चीत ठेवली.

"इन्हां नूं बिठा," म्हणाल्या. यांना बसव.

मला त्यांनी मिठी मारली नाही. माझं उजवं मनगट धरलं, जिथे तीन आठवडे त्यांचं घड्याळ होतं, आणि अंगठ्यानं ते एकदा चोळलं. "छत चुप नहीं होनी चाहिदी," एवढंच म्हणाल्या आणि वळल्या.

आम्हाला आत सोडत नव्हते. मी काचेला नाक लावून उभी राहिले. ओढणी छातीवरून आडवी, कमरेला गाठ, पांढरे बूट. उजवा पाय थोडा जपून टाकत होत्या. मागे तो माणूस खुर्ची ढकलत येत होता, आणि खुर्चीत पर्स आणि लोणचं ऐटीत बसलं होतं. काचेतून आवाज कसला येणार, पण मी मोजत होते. एक, दोन, तीन. त्या थांबल्या नाहीत, मागे बघितलं नाही. चौसष्ट मोजली, तेव्हा एका खांबाआड त्या गेल्या. मग त्यांच्यामागून ती खुर्ची गेली.